सांगलीची हळद आणि तिची माहेर-सासरची नावं

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात शिरलं की हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या दिसतात. सौदे चालू होते. खरेदीदार ढिगातलं हळकुंड उचलायचा, कटकन मोडायचा, आतला रंग बघायचा आणि मगच भाव बोलायचा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण इथे खात्री त्या मोडलेल्या तुकड्याचीच.

शेजारी कर्नाटकातल्या अथणीकडचा एक शेतकरी माल घेऊन आला होता. त्याच्या तोंडी हळदीचं कन्नड नाव, 'अरिशिन'. तमिळ 'मंजळ' आणि तेलुगू 'पसुपु' या शब्दांचा अर्थ हळदही आणि पिवळा रंगही. फारसीत ती 'जर्दचूबे', म्हणजे पिवळं लाकूड. शब्द परका वाटतो, पण त्याचे दोन्ही तुकडे आपल्याकडे कधीचे मुक्कामाला आहेत. 'जर्द' जर्दाळूत आहे आणि 'चोब', म्हणजे काठी, चोपदाराच्या हातात. 'पिवळाजर्द' म्हणताना आपण पिवळा-पिवळाच म्हणतो की!

दुपारी हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळदीची पेवं. जमिनीत खोल खड्डा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. हळद भरून तोंड मातीने लिंपलं की आत हवा नाही, त्यामुळे कीडही नाही. वर्षानुवर्षं माल टिकायचा. "आत उतरायच्या आदी कंदील सोडायचा. इझला तर उतरायचं न्हाई," एक आजोबा म्हणाले. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि माल कुजला. आता भिस्त गोदामांवर. 'पेव फुटणे' मात्र वर्तमानपत्रांत रोज चालू असतं.

देवळाबाहेर हळदीकुंकवाचे ढीग मांडलेले. यातलं कुंकू मोठं गमतीचं. संस्कृत 'कुङ्कुम' म्हणजे केशर. अरबी 'कुरकुम' केशरालाही चाले आणि हळदीलाही. त्यावरून लॅटिन 'कर्क्युमा' आणि हल्ली गोळ्यांच्या डब्यांवर दिसणारं 'करक्युमिन'. आपण केशराचं नाव कुंकवाला दिलं आणि ते कुंकू केलं हळदीपासून! वरणाच्या डागावर साबण घासला की डाग लालभडक होतो ना, तीच करामत. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते.

संध्याकाळी गणपती पेठेत एका आयुर्वेदिक दुकानात 'निशाआमलकी' लिहिलेली बरणी दिसली. आमलकी म्हणजे आवळा आणि निशा म्हणजे हळद. संस्कृतात निशा, रजनी ही रात्रीची नावं हळदीलाही आहेत. जगभर जिला रंगावरून ओळखतात तिला रात्रीचं नाव का, म्हणून दुकानदारांना विचारलं.

"रात्री दुधातनं घ्यायची म्हणून आसंल की," ते म्हणाले.

मला काही हे पटलं नाही. पण तोवर त्यांनी पुडी बांधलीसुद्धा होती.