शून्य रुग्णांचा वॉर्ड

वडगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका तरुण गवंड्याच्या रक्ताच्या काचपट्टीत व्हायव्हॅक्स या प्रकारच्या हिवतापाचे परजीवी सापडले आणि बेळगाव शहराच्या आमच्या हिवतापाच्या नकाशावर तो वॉर्ड लाल झाला. शिरस्त्याप्रमाणे मी त्याच्या घरापासून डासअळ्यांची पाहणी सुरू केली. नळाला पाणी रोज येत नसल्याने घरोघरी पिंपे भरलेली होती; 'भरून ठेवायला नको काय ओ?' या शेजारच्या आजींच्या प्रश्नाला आमच्या पत्रकांत उत्तर नाही. अळ्या मिळाल्या, पण पाण्यात डोके खाली करून तिरक्या लटकणाऱ्या, म्हणजे हिवतापाच्या नव्हेत. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस डासाची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. पळीतले पाणी स्थिर होऊ दिले की फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तेवढाही धीर नसलेले सहकारी 'अळ्या आढळल्या' असे लिहून मोकळे होतात.

गवंडी टिळकवाडीतल्या एका नव्या इमारतीवर कामाला होता आणि बऱ्याचदा रात्री तिथेच झोपत असे. त्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात आणि काँक्रीट ओले ठेवण्याच्या, म्हणजे क्युरिंगच्या, पाण्यात आडव्या अळ्या भरपूर होत्या. डास होईपर्यंत वाढवल्यावर ते शहरी हिवताप पसरवणारे ॲनॉफिलिस स्टेफेन्सीच निघाले. गुंता असा की, काही महिन्यांपूर्वी गोव्यात असताना त्याला असाच ताप आला होता आणि यकृतातले परजीवी मारणाऱ्या प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स त्याने अर्ध्यावर सोडला होता. व्हायव्हॅक्स यकृतात दडून पुन्हा उसळतो, त्यामुळे डास टिळकवाडीत चावला की गोव्यात, हे काचपट्टी सांगत नाही.

टिळकवाडीचा तो वॉर्ड मात्र नकाशावर शून्य रुग्णांचा, हिरवागार. तिथे ताप आला की लोक खासगी डॉक्टरकडे जातात आणि रक्त आमच्यापर्यंत पोहोचत नाही. दर हजार लोकांमागे वर्षातली रुग्णसंख्या, म्हणजे एपीआय, ही तपासलेल्या रक्तनमुन्यांवरच उभी असते: शंभर नमुन्यांत ०.५ दूषित हे प्रमाण दोन वॉर्डांत सारखेच असले, तरी जिथे वर्षात १० टक्के लोकांचे रक्त तपासले तिथे एपीआय ०.५ येतो आणि जिथे २ टक्क्यांचे तपासले तिथे ०.१. ज्या वॉर्डात आशाताई इमानाने घरोघर फिरतात, तो अशा हिशेबात हटकून बदनाम होतो. नकाशाशेजारी तपासणीचे प्रमाण छापावे, असे मी बैठकीत सुचवले; रंग आधीच पुष्कळ झाले आहेत, असे उत्तर मिळाले.

नोंदीत पत्त्याचा रकाना एकच होता. शेऱ्यात मी कामाची जागा, गोव्यातला ताप आणि अर्धवट औषध लिहिले, इमारतीच्या ठेकेदाराला नोटीस द्यावी असे सुचवले, आणि दुसऱ्या दिवशी धूरफवारणीची गाडी वडगावला गेली.