बेल्ट स्केलला शिव्या घालण्याआधी

थर्मल प्लांटच्या कोल हँडलिंगमध्ये एक भांडण ठरलेलंच असतं, वॅगनचं वजन एक सांगतं आणि बेल्ट स्केल (कोळसा नेणाऱ्या चालत्या पट्ट्याखालचा वजनकाटा) भलतंच, मग फोन येतो की तुमचा काटा मारतोय, या बघायला. जाऊन बघावं तर लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, बिचारा ठणठणीत.

प्रकार तसा सोपा आहे. बेल्टखालचे दोन-चार आयडलर (बेल्टला आधार देणारे रोलर) एका फ्रेमवर घेतात, फ्रेम लोड सेलवर, आणि रिकाम्या परतणाऱ्या रिटर्न बेल्टवर स्पीड मोजणाऱ्या टॅकोचं चाक. मीटरला 60 किलो कोळसा आणि स्पीड सेकंदाला 2 मीटर, म्हणजे सेकंदाला 120 किलो, तासाला 432 टन, एकूण टन दाखवणारा टोटलायझर हेच जोडत बसतो. पण मधे तो ताणलेला रबराचा पट्टा आहे ना, सगळी गंमत तिथे आहे. वेईंग आयडलर शेजारच्यांपेक्षा मिलिमीटरभर जरी वर राहिला तरी बेल्टचा ताण त्याला दाबतो आणि स्केल त्यालाच कोळसा समजतो. म्हणून आधी दोरी ताणून आयडलरची लेव्हल बघायची (कंबरडं मोडतं, पण इलाज नाही), मग टेक-अपचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या यंत्रणेचं) काउंटरवेट मोकळं खालीवर होतंय का ते बघायचं.

पावसाळ्यात तर विचारूच नका. ओली कोळशाची भुकटी फ्रेमवर थापली गेली की रीडिंग चढतं. फ्रेमच्या फटीत दगड अडकला की उलटं, भार दगडच घेतो आणि टन कमी दिसतात. टॅकोच्या चाकाला चिखल चढला तर चाक जाडं होतं, फेरे कमी पडतात, की पुन्हा टन कमी. आणि लोक काय करतात, साफसफाई राहिली बाजूला, रोज झिरो मारून (रिकाम्या बेल्टचं रीडिंग शून्यावर आणून) मोकळे! अरे झिरो घ्यायचाच तर बेल्ट आधी अर्धा तास रिकामा पळवा, आणि बेल्टच्या पूर्ण फेऱ्या मोजून घ्या, जॉइंटचा तुकडा जड असतो.

बेल्टवर टेस्ट चेन (ठरलेल्या वजनाची साखळी) टाकून आकडा जुळला म्हणून खूश होण्यातही फारसा अर्थ नाही, चेन काही कोळशासारखी वागत नाही. खरी परीक्षा एकच, बेल्टवरून गेलेला माल ट्रकमध्ये भरून वजनकाट्यावर तोलायचा. 10,000 टनांत अर्धा टक्का म्हणजे 50 टन, एवढ्यासाठी करायलाच हवं. पण विषय काढला की शिफ्ट इन्चार्ज म्हणतात आधी बंकर (कोळशाची कोठी) भरू द्या, आणि बंकर काही भरत नाही.