बीपीला कोणता राग?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही एकटे नाही आहात. पार्ल्यात मी गाणं शिकवते आणि एका विद्यापीठाच्या कम्युनिटी रेडिओवर अधूनमधून शास्त्रीय संगीताचा अर्धा तास सादर करते, एवढ्या भांडवलावर लोकांनी मला वैद्य करून टाकलंय. 'बीपीला कोणता राग ऐकू?' 'झोप लागत नाही, दरबारी लावू की बागेश्री?' लिफ्टमध्ये विचारतात, भाजीवाल्यापाशी विचारतात, लग्नात हातात अक्षता असतानाही विचारतात. पुरावा म्हणून मोबाइलवर फिरत आलेली यादी दाखवतात. मधुमेहाला हा राग, दम्याला तो, ॲसिडिटीला तिसराच. अशा दोन याद्या शेजारी ठेवून बघा. एकीत झोपेसाठी सांगितलेला राग दुसरीत उत्साह वाढवायला सांगितलेला असतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे: नावावर जाऊ नका. तोच यमन राग, पण विलंबितात, म्हणजे संथ लयीत, एखादा गवई असा मांडतो की अंगावर शाल पांघरल्यागत वाटतं, आणि दुसरा द्रुत, म्हणजे जलद लयीच्या तराण्यात असा सुटतो की ऐकणाऱ्याचीच नाडी धावायला लागते. स्वर तेच, थाट तोच. मग औषध यमनात आहे म्हणायचं की लयीत?

यावर एक अभ्यास मला फार आवडतो. लुचानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि 2006 मध्ये 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. माणसं फक्त 24, त्यातले निम्मे संगीत शिकलेले आणि निम्मे न शिकलेले. त्यांना सहा तऱ्हांचं संगीत ऐकवलं. त्यात पाश्चात्त्य अभिजात होतं, रॅप होतं, टेक्नो होतं आणि आपला रागही होता. लय वाढली की श्वास, ठोके आणि रक्तदाब वाढत होते, तिथे शैलीपेक्षा लयीचीच सत्ता जास्त. इथवर कुठलाही तबलजी सांगेल. पुढचं मात्र त्यालाही सुचलं नसतं. मध्येच कुठेतरी त्यांनी दोन मिनिटं संगीत बंद ठेवलं होतं, आणि त्या दोन मिनिटांत ठोके आणि रक्तदाब सुरुवातीच्या विश्रांतीपेक्षाही खाली आले. म्हणजे सगळ्यात जास्त गुण आला तो संगीत थांबलं तेव्हा. 24 माणसांवरून जगाचा निकाल लावू नये हे मान्य, पण याद्या पुढे ढकलण्यापेक्षा हे बरं.

आता घरचं मशीन आठवा. त्याच्या माहितीपत्रकात काय लिहिलेलं असतं? पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बोलू नका. आमच्या बिल्डिंगमधले एक काका हे एरवी कधीच करत नाहीत. जिना चढून येतात, धापा टाकत पट्टा बांधतात आणि आकडा बघून वॉचमनवर डाफरतात. राग ऐकायचा म्हणून ते अर्धा तास खुर्चीत बसले, मग आकडा उतरला. गुण बागेश्रीचा की खुर्चीचा, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. गोळ्या मात्र चालू ठेवा म्हणून बजावलंय, आणि तुम्हालाही तेच सांगते. राग ऐकून गोळी बंद करायची कल्पना ज्यांना सुचते, त्यांनी आधी डॉक्टरांना गाठावं.

आता शांततेचं. रेडिओवाल्यांचं तिच्याशी वाकडं आहे. आमच्या स्टुडिओत कन्सोलवर मास मीडियाची पोरं असतात. परवा एका बड्या ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावलं होतं, विलंबित एकताल. आलाप संपवून गायक थांबला, तबला अजून सुरू व्हायचा होता, मागे नुसता तानपुरा. लेव्हलची हिरवी पट्टी तळाशी जाऊन थरथरायला लागली तशी त्या पोराची बोटं सिग्नेचर ट्यूनचा आवाज चढवायच्या फेडरकडे निघाली. मी हात धरला. 'मॅडम, डेड एअर जातंय!' म्हणाला बिचारा. म्हटलं, तानपुरा वाजतोय ना, मग जिवंत आहे. त्याचंही चूक नव्हतं. हवेत आवाज नसला की ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं, आणि तो काटा फिरवतो. जाहिरातींवर चालणाऱ्या एफएमला ते परवडत नाही. तिथे एकाच्या बोलण्याच्या शेपटीवर दुसरा पाय देतो. विद्यापीठाच्या रेडिओला परवडतं, कारण त्याला तुम्हाला काही विकायचंच नसतं. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, ठाय (अगदी संथ) लयीत पाऊण-एक मिनिट घेतं. समेची, म्हणजे पुढच्या फेऱ्याच्या पहिल्या मात्रेची, वाट बघता बघता तेवढ्यात श्वास आपोआप लांबतो. मध्ये कुणी 'स्टे ट्यून्ड' ओरडलं नाही, तर.

मुंबई विद्यापीठाचं असं केंद्र कालिन्याला विद्यानगरीत आहे, 107.8 मेगाहर्ट्झवर, 2008 पासून. आपल्याकडे शैक्षणिक संस्थांना कम्युनिटी रेडिओचा परवाना मिळायला 2002 नंतर सुरुवात झाली आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने 2004 मध्ये पहिलं केंद्र सुरू केलं. या केंद्रांना ट्रान्समीटर लहानच ठेवावा लागतो, पोच साधारण दहा-बारा किलोमीटर. पार्लेकर, कुर्लेकर भाग्यवान. बोरिवलीकरांनी नाद सोडावा.

त्यांच्यासाठी आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी आहे. 2016 च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झाली, चोवीस तास शास्त्रीय, ॲपवर ऐकता येते. माझा पुतण्या लॉस एंजेलिसला असतो, तो गाडीत केयूएससी ऐकतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं ते केंद्र 1946 पासून चालू आहे, आता पाश्चात्त्य अभिजात संगीत लावतं आणि श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. मीही इंटरनेटवर लावून बघते कधीकधी. आपल्याकडे सकाळचे सात, तेव्हा तिथे आदल्या दिवसाची ऑफिसं सुटायची वेळ. सिंफनीचा एक भाग संपून दुसरा सुरू होईपर्यंतची शांतता तिथे कुणी बुजवत नाही, हे मला फार भावतं. पण आपली सकाळ त्यात नाही. सकाळी तोडी आणि दिवेलागणीला मारवा यामागचं शास्त्र पंडितांनी वादायला ठेवलंय. माझ्यापुरतं एवढंच, की त्या हिशेबाने दिवसाला घड्याळ मिळतं, आणि ते मला लावावं लागत नाही.

ॲपवर गाण्यांची यादी करून ऐकण्यापेक्षा रेडिओ का, तर याच कारणाने. यादीत निवडायचं कामही आपणच करतो. हे नको, पुढचं, ते मोठं आहे, पुढचं. अर्धा तास संपतो आणि अंगठा दुखतो. रेडिओवर सारंग लागला तर सारंग. न आवडणारा गवई लागला तरी मी बसते, आणि त्याच दिवशी एखादी जागा अशी काही ऐकू येते की डोक्यातला पूर्वग्रह हलतो. आमच्याकडे सकाळी हे चाललेलं असतं तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि कुकर लावलेला नसतो. शिट्टी मंद्र षड्जावरच, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'सा'वरच, नेमकी पडते, अनुभव आहे.

लोकलमध्ये कानात बोंडं घालून तोडी ऐकणाऱ्यांबद्दल मात्र मला शंका आहे. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत न्यायचा, आणि वर त्याला तब्येत सांभाळणं म्हणायचं! 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालतो, आवाज वाढला की ही मुभा झपाट्याने आटते, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. दादरच्या पुलाखाली तुमच्या कानात किती असतं ते तुम्हीच बघा.

रेडिओचा सेट कोणता घेऊ, हा पुढचा प्रश्न येतोच. महाग नको. एरियल लांब हवी, आणि बटणांपेक्षा गोल काटा बरा. काँक्रीटच्या इमारतीत एफएमचा सिग्नल अडतो, त्यामुळे सेट केंद्राच्या बाजूच्या खिडकीत ठेवा, लोखंडी ग्रिलला न टेकवता. आमचा स्वयंपाकघरात, कालिन्याच्या दिशेला आहे. बेडरूममध्ये नेला की नुसती खरखर.