ग्रामसभा, रेशनकार्ड आणि चार ब्लॉकचं रिग्रेशन : माझा अनुभव

पीएचडीचा डेटा गोळा करून झाला तेव्हा मला वाटलं अवघड काम संपलं, सहा गावं झाली, 240 प्रश्नावल्या झाल्या, उन्हातान्हात स्कूटीवर फिरून झालं, एका गावात तर मला जनगणनेवाली समजून लोकांनी मी विचारायच्या आधीच घरात माणसं किती ते सांगून टाकलं. विषय होता ग्रामसभेतला आणि एकूणच गावच्या सार्वजनिक कामातला लोकांचा सहभाग, सातारा जिल्ह्यात. आता फक्त कॉम्प्युटरवर बसून बटण दाबायचं राहिलंय असं मी घरी सांगितलेलं. ते बटण दाबायला सात महिने गेले.

आधीच सांगते, मी राज्यशास्त्रवाली. एमएला स्टॅटचा अर्धा पेपर होता तो कसाबसा काढलेला. मॅडमनी (माझ्या गाईड) सिनॉप्सिसमधे, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, हायरार्किकल मल्टिपल रिग्रेशन लिही म्हणलं, मी लिहिलं. (रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीतला फरक बाकीच्या गोष्टींवरून किती समजतो ते मोजायचं गणित.) नंतर शोधायला बसले तर कळलं की मिळत्याजुळत्या नावाच्या वेगवेगळ्या भानगडी आहेत. एक म्हणजे स्टेपवाइज, त्यात कुठलं व्हेरिएबल (वय, शिक्षण असा एकेक घटक) आधी घ्यायचं आणि कुठलं बाहेर काढायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. एक हायरार्किकल लिनिअर मॉडेल, म्हणजे विद्यार्थी वर्गात, वर्ग शाळेत अशी डेटाचीच उतरंड असते. आणि आपलं हायरार्किकल रिग्रेशन, ज्यात उतरंड डेटात नसतेच, ती आपल्या डोक्यात असते, आपण ठरवतो की आधी हे घालणार, मग ते, मग ते, आणि प्रत्येक वेळी बघतो की आधीच्या सगळ्यांनी सांगून झाल्यावर नवीन लोकांनी काही जास्तीचं सांगितलं का. एवढंच आहे ते. पण हे 'एवढंच' मला कळायला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यात मी स्टेपवाइज चालवून, आलेलं टेबल छान रंगीत करून मॅडमना दाखवून आले होते. मॅडमनी टेबल बघितलं आणि विचारलं, "हा क्रम कुणी लावला?" मी म्हणलं एसपीएसएसनं (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर). त्या म्हणाल्या, "मग पीएचडी त्यालाच देऊया."

क्रम लावायला आधार मिळाला तो वर्बा, श्लोझमन आणि ब्रॅडी या राज्यशास्त्रज्ञांच्या मांडणीचा, 1995 ची आहे, अमेरिकेतली आहे, पण मुद्दा इतका साधा की आपल्याकडच्या चावडीवर पण लागू पडतो. लोक भाग का घेत नाहीत? एक, त्यांना जमत नाही. दोन, त्यांना इच्छा नाही. तीन, त्यांना कुणी विचारलंच नाही. यावरून मी चार ब्लॉक, म्हणजे व्हेरिएबल्सचे चार गट केले. पहिल्यात वय, लिंग, शिक्षण आणि घरची परिस्थिती. दुसऱ्यात बचत गट, तरुण मंडळ आणि दूध डेअरी किंवा सोसायटीचं सभासदत्व. तिसऱ्यात मनातलं, म्हणजे आपल्या बोलण्याचा उपयोग होतो असं वाटतं का, पंचायतीवर विश्वास आहे का, राजकारणात रस आहे का. चौथ्यात एकच प्रश्न, वर्षभरात तुम्हाला ग्रामसभेला किंवा अशा कामाला या असं कुणी येऊन सांगितलं का.

आता ज्याचं उत्तर शोधायचं तो सहभाग मोजायचा कसा, इथं सगळ्यात जास्त शिकले. पहिल्या यादीत मतदान होतं. ग्रामपंचायतीला मतदान केलं का? जवळजवळ सगळे हो. जिथं सगळेच हो म्हणतात तिथं फरकच नाही, आणि फरक नसेल तर रिग्रेशन समजावणार काय, डोंबल? मतदान काढलं. मग ग्रामसभेला गेलात का हा प्रश्न. तर एक काका म्हणाले, "गेलो की." मी विचारलं कुठला विषय निघालेला? "विषय काय माहीत न्हाय, सही केलीय मी." आता ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते, तो झाला नाही की सभा तहकूब, म्हणून कोरमपुरत्या नुसत्या सह्या पण होत असतील, त्यामुळं सहीचा आणि हजेरीचा संबंध प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. तिथून पुढं मी एका प्रश्नाचे तीन केले, गेलात का, शेवटपर्यंत बसलात का, काही बोललात का. पहिल्या गावातल्या प्रश्नावल्या परत जाऊन भरल्या. शिवाय श्रमदान, लेखी अर्ज किंवा तक्रार, गावच्या कामाची वर्गणी, असं धरून बेरीज केली.

डेटा एंट्रीत माझे दोन मोठे घोळ. 'सांगता येत नाही' ला मी 99 कोड दिलेला आणि ते मिसिंग आहे, म्हणजे उत्तरच नाही असं धरायचं, हे एसपीएसएसला सांगायचं राहिलं. पाचाच्या स्केलवर पंचायतीवरच्या विश्वासाची सरासरी सातच्या वर आली आणि मी खुश की काय विश्वास आहे लोकांचा! दुसरा घोळ उलट्या वाक्याचा. 'आपल्यासारख्याच्या बोलण्यानं पंचायतीत काही फरक पडत नाही' हे वाक्य बाकीच्यांच्या उलट्या दिशेचं, याला पूर्ण सहमत म्हणजे आत्मविश्वास कमी, तर ते सहातून वजा करून घ्यायला लागतं, पाचाचा एक, एकाचा पाच. मी तसंच ठेवलं आणि क्रोनबाख अल्फा (एका विषयावरची वाक्यं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) चक्क मायनसमधे आला. ०.७ च्या पुढं पाहिजे म्हणतात आणि इथं मायनस. त्या रात्री मला खरंच वाटलं की प्रश्नावलीच चुकली, परत सहा गावं. सकाळी स्टॅट डिपार्टमेंटच्या एका दादाला फोन केला, तो म्हणला अगं मायनस आला म्हणजे शंभर टक्के काहीतरी उलटवायचं राहिलंय, चहा पी आणि बघ.

मग रिग्रेशन. एसपीएसएसमधे लिनिअर रिग्रेशनच्या खिडकीत वर 'ब्लॉक 1 ऑफ 1' लिहिलेलं असतं आणि शेजारी 'नेक्स्ट' चं बटण असतं. मला ते दिसलंच नाही. मी वेगवेगळी रिग्रेशन चालवली, एकदा फक्त पहिल्या ब्लॉकची व्हेरिएबल्स, मग पहिला अधिक दुसरा, असं करत चारही, आणि आर स्क्वेअर (सहभागातला किती फरक मॉडेलनं समजावला तो आकडा) वहीत लिहून हातानं वजाबाक्या केल्या. तिसऱ्या वेळी कधीतरी लक्ष गेलं की प्रत्येक आउटपुटमधे माणसांची संख्या वेगळीच आहे. कारण ज्यानं एक जरी प्रश्न रिकामा सोडला तो माणूस त्या मॉडेलमधून बाहेर पडतो, आणि जितके प्रश्न वाढवाल तितकी माणसं गळतात. म्हणजे मी वेगवेगळ्या माणसांच्या आर स्क्वेअरची एकमेकातून वजाबाकी करत बसलेले. नेक्स्ट बटण वापरून एकाच वेळी सगळे ब्लॉक दिले की चारही मॉडेल त्याच माणसांवर चालतात, आणि स्टॅटिस्टिक्समधे आर स्क्वेअर चेंजला टिक केलं की वजाबाकी पण तेच करतं. वहीची दोन पानं फाडून टाकली.

पण मग सगळ्या मॉडेलमधे 171 च उरले! 240 मधले 69 गेले कुठं? बहुतेक सगळे उत्पन्नाच्या प्रश्नावर. आपल्याकडं कोण अनोळखी पोरीला उत्पन्न सांगतंय, आणि शेतकऱ्यानं सांगायचं म्हणलं तरी कुठल्या वर्षाचं सांगायचं. नशीब म्हणजे मी रेशनकार्डाचा रंग पण विचारलेला, पिवळं, केशरी की पांढरं, आणि ते सगळ्यांनी बिनधास्त सांगितलेलं, काहींनी तर कार्डच आणून दाखवलं. उत्पन्न काढून रंग घातला, 57 जण परत आले, एकूण 228. रंग ही काही परफेक्ट मोजपट्टी नाही, बंगला आणि केशरी कार्ड हे मी पण बघितलंय, पण 57 माणसं घालवण्यापेक्षा बरं. तीन रंगांना डमी (तो रंग असेल तर 1, नसेल तर 0 असं व्हेरिएबल) दोनच करायच्या असतात, तिसरा रंग तुलनेचा आधार म्हणून बाहेर ठेवायचा. मी तिन्ही घातल्या आणि एसपीएसएसनं एक गपचूप काढून टाकली, एरर नाही काही नाही.

माझे खरे आकडे इथं टाकत नाहीये, थिसिस अजून जमा व्हायचाय. पण वाचायचं कसं ते मनातल्या आकड्यांवर सांगते. समजा पहिल्या ब्लॉकमधे पाच व्हेरिएबल्स, आर स्क्वेअर 0.12. दुसऱ्यात तीन घातली, 0.18 झाला. वाढ 0.06. ही वाढ खरी की योगायोग? 0.06 ला नव्या तीननं भागा, 0.02 आलं. उरलेलं न समजलेलं 0.82, त्याला 228 वजा 8 वजा 1 म्हणजे 219 नं भागा. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की 5.34 येतं, तोच एफ चेंज. हे एकदा कॅल्क्युलेटरवर करून बघाच, मी केल्यावर ते टेबल पहिल्यांदा माझं वाटलं. त्याच्या शेजारी सिग्निफिकन्स (एवढी वाढ नुसत्या योगायोगानं येण्याची शक्यता) असतो, तो 0.000 दिसला तर 0.000 लिहू नका, 0.001 पेक्षा कमी असं लिहा, यावरून मला एका सेमिनारमधे सगळ्यांसमोर ऐकायला लागलंय.

आता मला ज्यानं खरी झोप उडवली ते. पहिल्या ब्लॉकमधे बाई असण्याचा सहगुणक मायनस, म्हणजे बायका पुरुषांपेक्षा कमी भाग घेतात, अपेक्षेप्रमाणे. दुसऱ्या ब्लॉकमधे बचत गट घातला आणि मला वाटलेलं तो मायनस कमी होईल. तो वाढला! आणि बचत गटाचा मोठा प्लस. मी धावत मॅडमकडं, म्हणलं काहीतरी चुकलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुझ्या बचत गटात पुरुष किती?" शून्य. महिला बचत गटच होते सगळे. मग 'गटाचा परिणाम कायम ठेवून बाई आणि पुरुषाची तुलना' याचा अर्थच असा होतो की गटात नसलेली बाई आणि पुरुष यांची तुलना. पहिल्या ब्लॉकमधे गटातल्या आणि गटाबाहेरच्या बायका एकत्र होत्या, गटातल्यांनी सगळ्यांची सरासरी वर ओढलेली. त्या वेगळ्या काढल्यावर मागं राहिली ती गटात नसलेली बाई, जी ग्रामसभेच्या आसपास पण फिरकत नाही. व्हीआयएफ (व्हेरिएबल्स एकमेकांत किती गुंतलीत ते सांगणारा आकडा) मी घाबरून घाबरून बघितला, दोनच्या पण खाली होता, म्हणजे सॉफ्टवेअरला यात काही वावगं वाटलंच नसतं. मी तिथं नुसतं 'लिंगाचा परिणाम वाढला' असं लिहून पुढं गेले असते तर कुणी अडवलं पण नसतं बहुतेक.

शिक्षणाचं पण असंच. पहिल्यात चांगलं दिसत होतं, तिसऱ्या ब्लॉकनंतर विरलं. म्हणून शिक्षणाचा उपयोग नाही असं म्हणायचं नाही, ते मनातल्या 'आपल्याला कळतंय, आपण बोलू शकतो' मधून काम करत असेल. क्रम उलटा लावला असता तर कथा पण उलटी दिसली असती, म्हणून क्रम डेटा बघायच्या आधी लिहून ठेवायचा, मी तो सिनॉप्सिसमधे लिहिला नव्हता आणि त्याबद्दल मला प्री-सबमिशनला (थिसिस जमा करायच्या आधीचं सादरीकरण) भरपूर विचारलं.

तिथंच एका सरांनी गावांचा प्रश्न काढला. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, सरपंच एकच, व्हॉट्सअॅप ग्रुप एकच, मग तू 228 स्वतंत्र माणसं कशी धरलीस? बरोबर होतं. मल्टिलेव्हल (वर सांगितलेलं डेटाच्या उतरंडीचं मॉडेल) करायला सहा गावं फारच थोडी, म्हणून गावांच्या पाच डमी सगळ्यात आधीचा ब्लॉक म्हणून घातल्या. एकूण व्हेरिएबल्स 17 झाली. ग्रीन नावाच्या संशोधकाचा 1991 चा ठोकताळा आहे, 50 अधिक व्हेरिएबल्सच्या आठपट, म्हणजे 186 पाहिजेत, आपल्याकडं 228, जमलं. नशीब रेशनकार्ड विचारलेलं.

'कुणी बोलावलं का' चा चौथा ब्लॉक गावं घातल्यावर पण टिकला. मी लगेच 'बोलावल्यानं सहभाग वाढतो' असं लिहिलं आणि मॅडमनी 'वाढतो' वर लाल गोल केला. जे येतात त्यांनाच बोलावतात असं पण असू शकतं ना, एकदाच विचारलेल्या सर्व्हेतून ते कसं कळणार. तिथं आता 'संबंध दिसतो' आहे. वाक्य मिळमिळीत झालं, पण असो.

सध्या परिशिष्टाची टेबलं मराठीत टाइप करतेय. रिग्रेशनला कुठं समाश्रयण म्हणतात कुठं प्रतिगमन, माझ्या तिसऱ्या आणि पाचव्या प्रकरणात दोन वेगळे शब्द पडलेत, फाइंड रिप्लेस मारून सगळीकडं एकच करतेय. शुक्रवारी प्रिंट काढायचीय.