कागद वाजवणारं पोरगं

अशोक चौकात आज मेथीचा भाव विचारला तर शेजारच्या मावशी एकदम वळून म्हणाल्या, "रेडिओवर कागद वाजवणारं पोरगं तूच का रे?"

मी गारच.

कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर दोन वर्षं फुकट आरजेगिरी केलेली. 50 वॅटचा ट्रान्समीटर, रेंज जेमतेम 10-12 किलोमीटर, बातम्या द्यायला परवानगी नाही म्हणून नुसत्या गप्पा आणि फर्माइशी, त्यात माइकमध्ये आवाज येतो म्हणून पंखा बंद, आणि सोलापूरचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. वाटायचं, हॉस्टेलची पोरं सोडून कोण ऐकतंय.

मावशी ऐकायच्या. मांडीवर सूप, 1000 विड्या पुऱ्या करायच्या आणि शेजारी रेडिओ. "तू कागद उलटलास की कळायचं, आता गाणं लागतंय. तवर मी दोरा तोडून घ्यायची बघ."

मी आवाज जड काढायची प्रॅक्टिस करायचो राव, आरशासमोर! त्यातलं त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. माझं नावसुद्धा नाही.

मेथी तिथंच विसरून घरी आलो, बायको विचारतेय हसतोयस काय.

तेव्हा अजून कोण ऐकायचं का रे आम्हाला?