वांक, पठाण आणि वैशाखाचं ऊन

वैशाख. रात्र झाली तरी उकडतंय.

अंगणात दुरुस्तीला घेतलेल्या जुन्या होडीच्या डाव्या अंगाची तळाची फळी आज निघाली. पठाणाला, म्हणजे होडीच्या कण्याला, लागून असते ती, होडी बांधताना सगळ्यांत आधी बसवलेली. खिळे सगळे लोखंडी. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून खिळा फुगतो आणि भोवतालचं लाकूड आतून फोडत जातो. प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ होतं आणि त्यातलं लाकूड नखाने उकरता येत होतं. असे खिळे उपटायला गेलं तर फळीचा लचका घेऊनच निघतात. म्हणून मिस्त्रीकाकांनी फळी आणि वांक (होडीची बरगडी) यांच्या फटीत हॅक्सॉचं पान सरकवलं आणि एकेक खिळा मधोमध कापला. दुपारभर तेवढंच काम झालं.

फळी उलटी केली आणि मी तिच्याशेजारी पाट घेऊन बसले ते हे चहाला हाक मारेपर्यंत. आतल्या अंगाला रंग कधी पोचलाच नव्हता. तिथे वाकसाने तासल्याच्या खुणा ओळीने तशाच राहिल्या आहेत. गंमत अशी की या फळीवर त्या डावीकडे झुकतात आणि वरच्या सगळ्या फळ्यांवर उजवीकडे. म्हणजे ही एक फळी दुसऱ्याच कुणी तासली, बहुधा डावखुऱ्या माणसाने. भाऊ असेल, मुलगा असेल. नाव कुठेच नाही. एका टोकाला कोळशाने ओढलेली रेघ मात्र स्पष्ट आहे, आणि करवत त्या रेघेला सोडून केसभरही गेलेली नाही.

या फळीचे मी चारी बाजूंनी फोटो घेतले, कागद पसरून तिची कड पेन्सिलने उतरवून घेतली. नवी फळी याच आकाराची होणार. पण जुनी मी जळणात जाऊ देणार नाही.

दोन दिवसांनी.

ओळखीचे सगळे तेच विचारतात: बडोद्यात होडी कशाला? त्यांना मी सांगते की बडोदा संस्थानाला समुद्र होता. ओखा आपलं, कोडीनार आपलं, दक्षिणेला बिलिमोरा आपलं. नकाशात संस्थान तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं होतं आणि त्यातले काही तुकडे थेट पाण्याला टेकलेले होते. शहर आत आहे म्हणून माणसांचं समुद्राशी नातं नव्हतं असं कुणी म्हणू नये.

ही होडी मात्र संस्थानातली नाही, बोर्डीच्या किनाऱ्यावरची. आम्ही तिकडे लग्नाला गेलो होतो. सुरूच्या झाडांखाली पालथी घातलेली दिसली. वीस-एक फुटांची, सागाची, दोन्ही टोकांना निमुळती. मालक म्हातारे मांगेला कोळी. मुलाने फायबरची होडी घेतली होती आणि त्याचं चूक नाही. फायबरला दरवर्षी सांधे भरावे लागत नाहीत, कीड लागत नाही, आणि सागाचा भाव आज मासेमारी करणाऱ्याला झेपणारा राहिलेला नाही. ही जळणाच्या भावात जाणार होती. आजोबांनी मला तासभर तिच्याभोवती फिरवलं. कणा तो पठाण, बरगड्या ते वांक, पुढचं टोक ती नाळ. मग म्हणाले, "बाय, लाकूड अजून जितं हाय. फकस्त तिला शोकेसात ठेवू नको." टेम्पोत चढवताना त्यांनी नाळेवर नारळ वाढवला आणि अर्धं खोबरं आमच्या ड्रायव्हरला दिलं.

लाकूड जितं आहे म्हणजे काय ते मला इथे कारेलीबागेत कळतंय. किनाऱ्यावरची हवा दमट, तिथे फळी बारा महिने थोडीफार फुगलेलीच असते. बडोद्याचा उन्हाळा कोरडा आणि बेचाळीस अंशांचा. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, आखडतं ते रुंदीत. त्यामुळे एकेक फळी आडवी बारीक होत गेली आणि चैत्र संपताना सांध्यांतून पोस्टकार्ड आरपार जाऊ लागलं. पाहणारा म्हणेल, संपली ही. पण ती संपलेली नाही, तहानलेली आहे.

आम्ही गोणपाटं ओली करून आतून-बाहेरून टाकतो. वर मांडव घातलाय, दक्षिणेकडून ताडपत्री. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं काम नातीचं. सांधे आत्ता भरून टाकावेत असा मोह प्रत्येकाला होतो. शेजारचे निवृत्त इंजिनिअर रोज फाटकाशी उभे राहून तेच सांगतात. पण वैशाखात रुंद झालेल्या फटीत कापूस ठासून भरला तर पावसाळ्यात फळी फुगताना तिला जागा उरणार नाही. मग ती वांकांना दाबते, खिळे सैल होतात, कधी कडच चिरडते. म्हणून सांधे थांबणार. तोवर वांक.

त्याच आठवड्यात, रविवार.

वांकांबद्दल लिहायचं राहिलं होतं. होडीत एकूण अकरा आहेत आणि त्यातले चार गेलेत. जे टिकलेत ते बाभळीचे. सरळ लाकूड कापून वाकडं केलेलं नाही, झाडाची फांदी जिथे जशी वळली तशीच निवडून घेतली आहे. असं केलं की लाकडाचे तंतू वळणाबरोबर वळतात, कुठे तुटत नाहीत. सरळ फळीतून वाकडा तुकडा कापला तर वळणाशी तंतू आडवे येतात आणि पहिल्या जोराच्या लाटेला तो तिथेच तडकतो. किनाऱ्यावरचे सुतार रानात फिरताना झाडाकडे बघून मनाशी म्हणत असतील, हा वांक होईल, ही नाळ होईल. झाडाकडे असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनातून पुढे विद्यापीठाची तंत्रशाखा झाली, तिथे. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, काटकोन. या होडीत एकही काटकोन नाही. गुण्या लावायला जागाच नाही, तो मी परत डब्यात ठेवला. नाळेपासून मागपर्यंत प्रत्येक वांकाच्या कडेचा कोन बदलत जातो, कारण फळी तिथून वळत जाते आणि तिला वांकावर पूर्ण टेकायचं असतं. मग आम्ही लवचीक पट्टी घेतो, ती वांकांवरून वाकवतो आणि डोळ्याने बघतो. जिथे पट्टी टेकत नाही तिथे काम बाकी. डोळ्याला जी रेघ सुंदर दिसते ती बहुतेक वेळा पाण्यालाही मानवते, असं मला आता ठामपणे वाटतं. इतकी वर्षं मुलांना हे सांगायला हवं होतं.

बाभूळ शोधायला मिस्त्रीकाका आणि मी डभोईच्या रस्त्याला गेलो. एका शेताच्या बांधावर पडलेलं झाड मिळालं. काकांनी पुठ्ठ्याचे फर्मे फांद्यांना लावून लावून पाहिले. तीन जुळले. चौथ्यासाठी मी घाई करत होते तर म्हणाले, "बेन, उतावळे आंबा न पाके." काका घराचे सुतार, चौकटी आणि झोपाळे यांत त्यांची हयात गेली. मांडवी दरवाज्याजवळच्या जुन्या वाड्यांची लाकडी कामं त्यांनी दुरुस्त केलीत. होडी ते पहिल्यांदाच करताहेत. पण त्यांचा हात लाकडाला ओळखतो, आणि मी त्या हाताच्या भरवशावर हे काम अंगावर घेतलं आहे. त्यांची मुलं या धंद्यात नाहीत. हे लिहिताना मला वाईट वाटतंय.

ज्येष्ठ, बुधवार.

नात शेंदराचा डबा घेऊन आली, "आजी, हा रंग लावू?" जुन्या काळी होडीच्या सांध्यांत शेंदूर तेलात कालवून भरत, आणि तो टिकतोही. पण शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जिथे लहान मुलांचे हात लागणार तिथे शिसं नको. आम्ही राळ आणि तेल वापरणार. कुजायला लागलेल्या जागी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी लावतोय. ते ओल्या लाकडात आतपर्यंत झिरपतं आणि बुरशीला मारतं.

आज एक गृहस्थ आले होते. त्यांना नव्या हॉटेलात दर्शनी भागात ठेवायला होडी हवी आहे, आत बर्फ आणि थंड पेयं. पैसे चांगले देत होते. मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं, विचार करावा लागला नाही. वीस फुटांचं लाकूड कुठेही मिळेल. पाण्यात तोल राखणारं, भरती-ओहोटीतून माणसांना घरी परत आणलेलं लाकूड बर्फाची पेटी व्हायला नाही बांधलेलं. हे म्हणाले, "अगं, दोन मिनिटं ऐकून तरी घ्यायचं." ऐकलं असतं तरी उत्तर तेच होतं.

ज्येष्ठ वद्य.

एक गोष्ट बरेच दिवस टाळत होते. सोसायटीतल्या एका आईने काल हळूच विचारलं, "काकू, या होडीत मुलांना बसवणार?" तिचा प्रश्न कुठून आला ते या शहरात कुणालाही समजावं लागत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या संध्याकाळी शहरावर जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. बोटीत जास्त माणसं होती, लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती.

मी तिला उत्तर दिलं आणि इथेही लिहून ठेवते, म्हणजे माझ्यावर बंधन राहील. होडी किती माणसांची हे आधी ठरणार, हिशेबाने, डोळ्याने नाही. नोंदणी आणि तपासणी झाल्याशिवाय पाण्यात नाही. लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय कुणी चढणार नाही, मीसुद्धा नाही, काठालगत असलो तरी नाही. आणि तळाशी दोन्ही टोकांना बंद हवेच्या पेट्या बसवणार, म्हणजे पाणी भरलं तरी ती तरंगत राहील. पेट्यांचं हे काम मूळ होडीत नव्हतं. जुनं जसंच्या तसं ठेवण्याचा हट्ट इथे मी सोडते.

आषाढ शुद्ध प्रतिपदा.

टेंबे स्वामींची पुण्यतिथी, म्हणून पहाटेच गरुडेश्वरला गेलो. बडोद्यातली कितीतरी मराठी घरं या दिवशी नर्मदेकाठी असतात. कोकणातल्या माणगावचा हा संन्यासी चालत चालत रेवेकाठी आला आणि १९१४ मध्ये इथेच त्याने देह ठेवला. दर्शन झालं, प्रसाद झाला. येताना चांदोदच्या घाटावर थांबलो, कारण होडी उतरवायची तर इथे, असं माझ्या मनात आहे. विश्वामित्रीत मगरी आहेत, तिथे प्रश्नच नाही.

घाटावरच्या नावाड्यांशी बोलणं झालं. पाणी धरणातून कधी सोडतात त्यावर पातळी हलते, पावसाळ्यात इथे नवख्याने होडी घालू नये, दिवाळीनंतर या, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं ऐकायचं.

येताना गाडीत मी गोड्या पाण्याचाच विचार करत होते. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणजे नदीत ही होडी थोडी खोल बसेल. लाकूड पोखरणारा समुद्री जीव नदीच्या गोड्या पाण्यात जगत नाही. त्याला लोक किडा म्हणतात, असतो तो शिंपल्याच्या जातीचा. तो धोका गेला. पण मीठ लाकडाला कुजण्यापासून राखतं आणि नदीच्या पाण्यात ते राखण नाही. समुद्रात चाळीस वर्षं टिकलेली फळी नदीत निष्काळजीपणे ठेवली तर थोड्या वर्षांत मऊ होईल. मुख्य शत्रू वरून पडणारं पावसाचं पाणी, तळात साचून राहिलेलं. म्हणजे आत पाणी निघून जायला प्रत्येक वांकाखाली खाच हवी. जुन्या वांकांना ती होती, माती आणि रंगाने बुजलेली. नव्या बाभळीच्या वांकांना आम्ही ती अजून पाडलेली नाही.

आषाढ, पावसाची झड.

दोन दिवस सलग पाऊस. गोणपाटं काढून टाकली. सांधे मिटताहेत. पोस्टकार्ड जात नाही, आता वर्तमानपत्राचा कागदही अडखळतो. किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि माणसं जाळी विणत, फळ्या दुरुस्त करत बसतात. म्हणजे बोर्डीच्या आजोबांच्या अंगणात आणि माझ्या अंगणात सध्या एकच काम चालू आहे. मला हे फार आवडलं. त्यांना फोन करून सांगितलंसुद्धा.

ते म्हणाले, नवी फळी वाफ देऊनच वाकव, एक इंच जाडीला तासभर वाफ, आणि पेटीतून बाहेर काढली की बोलत बसू नको. काकांनी पत्र्याचा लांब नळ करून घेतलाय, खाली पिंप, पिंपाखाली चूल. फळीवर आधी खिळ्यांची भोकं गिरमिटाने पाडून ठेवायची. या वेळी खिळे तांब्याचे. महाग पडले, पण लोखंडाने काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सागाला मुळात तेल असतं, म्हणून जिथे चिकटवायचं तिथे ॲसिटोनने पुसून घ्यायचं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या अंगणात कमरेपर्यंत आलं होतं. त्यामुळे वाफेच्या आधी एक काम: काकांचा मुलगा शनिवारी जॅक घेऊन येतोय, होडी आणखी तीन विटांचे थर वर घ्यायची आणि चारी बाजूंनी दोराने मांडवाच्या खांबांना बांधायची. नव्या वांकांच्या खाचा त्याच दिवशी पाडून घेऊ. फळी त्यानंतरच्या उघडिपीत.