लोकल बातम्यांचा आवाज का फाटतो?

नागपूरच्या केबलवरच्या बातम्या बघताना डोळ्यांआधी कान वैतागतात. बाइट, म्हणजे कुणाची बोललेली प्रतिक्रिया, घेताना कॅमेरा चार फुटांवर अन् आवाज त्याच्याच माइकवर. व्हेरायटी चौकात मग माणसापेक्षा हॉर्नच जास्त बोलतो. माइक तोंडापासून वीतभर हवा. लेव्हल, म्हणजे रेकॉर्डिंगची आवाज-पातळी, ऑटोवर तर नकोच, कारण माणूस श्वास घ्यायला थांबला रे थांबला की कॅमेरा आपणच आवाज वाढवतो अन् मागचा ऑटोरिक्षा उसळून वर येतो. हातानं लावून बोलणं कॅमेऱ्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायचं. मीटरचं वरचं टोक शून्य; त्याला धडकून फाटलेला आवाज एडिटवर धड दुरुस्त होत नाही. हेडफोन कानात असेल तर हे जागेवरच कळतं. पण एकटाच पोरगा कॅमेरा, माइक अन् प्रश्न सांभाळतो, तिथं हेडफोन पिशवीतच राहतो.

ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, त्याचा इलाज सोपा. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद करा, झालं.

डिसेंबरच्या अधिवेशनात विधानभवनाबाहेर मुंबईच्या वाहिन्यांचीही गर्दी असते. तीच बाइट पुन्हा लोकलवर कशाला? तोच कॅमेरा महापालिकेच्या सभेत न्या, वॉर्डातल्या नळाचं विचारा. अन् हो, वाऱ्यासाठी माइकला स्पंज लावा.